महिला मेळावा घ्यायचाय, पण दुसऱ्या दिवशी गावात काय उरेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहात, गावात नव्याने रुजू झालात आणि ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, ताईंनी ८ मार्चच्या महिला दिनाच्या कार्यक्रमाची आखणी तुमच्यावर सोपवली आहे. दरवर्षी पाहुण्यांचं भाषण, संगीत खुर्ची, रांगोळी स्पर्धा, हळदीकुंकू आणि जाताना स्टीलची वाटी, एवढं होतं. हातात पाच हजार रुपये आहेत. यंदा बायकांना आणि मुलींना खरा उपयोग होईल असं काही करायचं आहे, आणि हळदीकुंकू ठेवायचं की काढायचं यावरून ताईंमध्येच दोन मतं पडली आहेत.

मी मराठवाड्यात बचत गट आणि ग्रामसंघांबरोबर बरीच वर्षं काम करते. गावोगावचे मेळावे पाहिले, घेतले, घ्यायला मदत केली. त्यावरून सांगते. तुम्ही विचारलंय की कार्यक्रमात काय काय ठेवू. माझ्या मते खरी अडचण यादीत नाही. भाषण काढून पथनाट्य घातलं, संगीत खुर्ची काढून प्रश्नमंजूषा घातली, तरी कार्यक्रम संपला की विषय संपतो आणि पुढच्या ८ मार्चला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणून आखणीला बसलात की आधी एक गोष्ट ठरवा: या मेळाव्यानंतर गावाच्या दप्तरात काय बदललेलं असेल? एखाद्या उताऱ्यावर नाव लागलेलं असेल, एखादा ठराव लिहिला गेला असेल, एखादा अर्ज पोच घेऊन दाखल झाला असेल. एक काहीतरी, पण कागदावर.

कागदाचा एवढा आग्रह धरते, कारण बाईला गरज पडते तेव्हा भाषण उपयोगी पडत नाही. नवरा गेल्यावर दीर-जावा घर सोड म्हणतात तेव्हा पंचायतीच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का, एवढंच विचारलं जातं. महाराष्ट्रात याची चांगली उदाहरणं घडून गेली आहेत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नाव असलेल्या २८५ मुलींचा नामकरण सोहळा झाला. मुलींनी आवडीची नावं घेतली आणि नव्या नावाची प्रमाणपत्रं त्यांच्या हातात पडली. सोहळाही झाला आणि कागदही झाला. त्याआधी, १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन भरलं आणि त्या चळवळीतून पुढे 'लक्ष्मीमुक्ती' उभी राहिली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा आपणहून बायकोच्या नावावर करायचा, अशी ती मोहीम होती. गावागावांत त्याचे समारंभ झाले. त्या समारंभांची आठवण आजही निघते ती सातबाऱ्यामुळे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधीच सांगते, म्हणजे माझं सगळंच तुमच्या गावाला लागू पडतं असं धरून चालू नका. तुमच्या गावातून ऊसतोडीला किती कुटुंबं जातात? ती मार्चमध्ये गावात नसतीलच. सरपंच बाई आहेत का, आणि असल्या तर कारभार त्या स्वतः पाहतात का? ग्रामसेवक किती सहकार्य करतात? गावात वस्त्या किती, आणि एका वस्तीतल्या बायका दुसऱ्या वस्तीत येऊन बसतात का? आणि एक तुमच्यापुरतं: तुम्ही सरकारी नोकरीत आहात. पंचायतीकडे मागणी करणारा अर्ज तुमच्या सहीने जाऊ देऊ नका. तो ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सचिवांच्या सहीने जाऊ द्या. यात तुमची काळजी आहेच. शिवाय उद्या तुमची बदली झाली तरी काम ग्रामसंघाकडेच राहतं.

आता कोणतं काम निवडायचं ते पाहू. एकाच मेळाव्यात बचत, आरोग्य, कायदा, शिक्षण, स्वच्छता असं सगळं कोंबू नका. एकच घ्या. तुमच्या जागी मी असते तर घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावण्याचं काम घेतलं असतं. खर्च फार नाही, कोणाशी भांडण उकरून काढावं लागत नाही आणि जवळजवळ प्रत्येक घराला ते लागू पडतं. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, घर बहुतेक वेळा एकट्या पुरुषाच्या नावावर असतं. पती-पत्नी दोघांची नावं लावायची सोय आहे. पतीने संमतीसह अर्ज द्यायचा, मासिक सभेत तो मंजूर व्हायचा, नोंद घ्यायची आणि नवा उतारा मागून घ्यायचा.

हे सोपं वाटतं, पण मेळाव्याच्या दिवशी सुरू केलं तर होत नाही. आधी तीन आठवडे तरी हवेत. ग्रामसंघाच्या ताईंनी ग्रामसेवकांकडून नमुना ८ ची माहिती घ्यायची आणि घरांची चार भागांत वाटणी करायची. काही घरं आधीच दोघांच्या नावावर निघतील. घरकुल योजनेतलं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावाने मंजूर होतं, त्यामुळे तिथेही काम बरंच झालेलं असतं, फक्त पंचायतीच्या वहीत ती नोंद तशीच उतरली आहे का ते पाहायचं. काही घरं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असतील. हाच तुमचा मुख्य गट. आणि काही घरं सासऱ्यांच्या किंवा मयत आजेसासऱ्यांच्या नावावर अजून तशीच असतील. या शेवटच्या गटाला मेळाव्यात हात घालू नका. तिथे आधी वारस नोंद लागते, भावाभावांची संमती लागते, आणि भर मंडपात तो विषय निघाला तर भांडण घरात जातं आणि मार बाईला बसतो. त्यांची यादी वेगळी ठेवा आणि ते काम सावकाश करा.

बायकांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा. नमुना ८ ही करासाठी ठेवलेली नोंद आहे. त्यावर नाव लागलं म्हणजे मालकीचा शेवटचा निकाल लागला असं होत नाही. तरीही त्या नोंदीला गावात वजन असतं, बँकेत विचारलं जातं, आणि परस्पर घर विकायला निघालेल्या माणसाला अडचण होते. जमिनीचं काम याहून अवघड. तिथे तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद होते, आणि नाव सातबाऱ्यावर लागलं तरी कुठे लागलं हे बघावं लागतं: खातेदारांमध्ये, म्हणजे जमीनधारक म्हणून लागलं, की नुसतं 'इतर अधिकार' या रकान्यात. दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्या वर्षी घरावरच थांबा, जमीन पुढच्या वर्षी.

नवरे तयार होतात का? जितके नाही म्हणतील असं वाटतं, तितके म्हणत नाहीत. आपण विचारायला जातो तेव्हा मात्र वेळ आणि माणूस बघावा लागतो. ताईने एकटीने नवऱ्यापुढे कागद धरला की त्याला वाटतं बाईच्या डोक्यात कोणी काहीतरी भरवलं. त्याऐवजी गावात ज्याचा शब्द चालतो अशा दोन-तीन पुरुषांची नावं आधी लावून घ्या. पोलीस पाटील, एखादे गुरुजी, दूध संस्थेचे कोणी. त्यांच्या उताऱ्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली की पारावरच्या गप्पांत विषय आपोआप येतो. मेळाव्याच्या शेवटच्या तासाला नवऱ्यांना बोलवा, अर्जावर तिथेच सही, तिथेच ग्रामसेवकांकडे दाखल, तिथेच पोच. ज्यांनी सही केली त्या जोडप्यांचा सत्कार करा, नारळ-टोपीसकट. पुरुषाला चांगलं म्हणवून घ्यायला आवडतं, आणि इथे तो खरोखर चांगलं काम करतो आहे. ज्यांनी सही केली नाही त्यांचं नाव माईकवर घेऊ नका, 'अजून कोण राहिलं' असंही विचारू नका.

घराचं काम तुमच्याकडे आधीच झालं असेल तर दुसरा पर्याय पैशाचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. किती गावांत बायकांना हे माहीत असतं? माहीत असलं तरी वर्षभरात किती रक्कम निघाली आणि कशावर गेली हे विचारलं जात नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे ८ मार्च ही विचारायला अगदी नेमकी वेळ आहे. फेब्रुवारीतच ग्रामसंघाने लेखी माहिती मागवायची आणि मेळाव्यात ती वाचून दाखवायची. आरडाओरडा करायचा नाही, शांतपणे वाचायची. मग पुढच्या वर्षी हे पैसे कशावर जावेत हे बायकांनीच ठरवायचं.

इथे महिला ग्रामसभा लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, आणि तिथे झालेले विषय मुख्य ग्रामसभेपुढे मांडायचे असतात. बहुतेक ठिकाणी ही सभा रजिस्टर घरोघर फिरवून सह्यांवर उरकली जाते. तुमचा मेळावा तिच्याशी जोडा. ८ मार्चला मागणी ठरली, एप्रिलअखेर महिला ग्रामसभेत तिचा ठराव झाला आणि १ मेच्या ग्रामसभेत तो वाचला गेला, तर दोन महिन्यांत एका मागणीने तीन वेळा डोकं वर काढलं. पंचायतीला ती सहजासहजी विसरता येत नाही.

दिवस आणि वेळ यावर थोडं जास्त बोलते, कारण यावरच मेळावे फसतात. सकाळी अकराचा कार्यक्रम म्हणजे रोजाने जाणाऱ्या बाईला बंद दरवाजा. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची काढणी चालू असते, मजुरीचे तेच दिवस. ती बाई एक रोज बुडवून तुमचं भाषण ऐकायला का येईल? मग येतात त्या घरी असणाऱ्या, त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीतल्या, आणि आपण म्हणतो 'गावातल्या बायका आल्या होत्या.' संध्याकाळी सातला ठेवा, नऊला संपवा. स्वयंपाकाचा प्रश्न येतो, तर खिचडी तिथेच करा आणि लेकरांनाही वाढा. स्टीलच्या वाट्यांचे पैसे खिचडीत घाला, बायका तक्रार करणार नाहीत. मंडप नको, शाळेची पडवी पुरते. दलित वस्ती, पारधी वस्ती, तांडा गावापासून लांब असेल तर रात्री परतायची सोय आधी ठरवा आणि निरोप द्यायला त्या वस्तीतलीच बाई पाठवा. दवंडीवर आणि व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

तारीखही ८ मार्चच हवी असं नाही. आपल्याकडे ३ जानेवारी आहे, सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन, ११ ऑक्टोबरला मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस. तुमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यावर असतील तर ती परत आल्यावर एप्रिलमध्ये वेगळी बैठक घ्या, आणि तीही अक्षय तृतीयेच्या आधी. या मुहूर्तावर लग्नं उरकली जातात आणि त्यात वय न झालेल्या मुलींची असतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. ग्रामीण भागात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्या बैठकीत हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढा आग्रह धरा. सगळ्यांसमोर एकदा बोललेल्या माणसाला नंतर 'मला काही माहीत नाही' म्हणता येत नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: काम एकच, कागदावर संपणारं, तयारी तीन आठवडे आधीपासून, वेळ मजुरी करणाऱ्या बाईची आणि धागा महिला ग्रामसभेपर्यंत. आता त्या दोन तासांत काय करायचं ते पाहू.

पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांवर जाऊ देऊ नका. पाहुणा हवाच असेल तर तालुका विधी सेवा समितीला पत्र द्या. तालुक्याच्या न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं आणि गावात कायदेविषयक शिबिरासाठी वकील पाठवणं हे त्यांचं कामच आहे. पैसे लागत नाहीत. त्यांना विषय नेमका द्या, 'महिलांचे कायदे' असा मोघम देऊ नका. मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क हा विषय द्या. महाराष्ट्राने १९९४ मध्येच यासाठी दुरुस्ती केली, केंद्राचा कायदा २००५ मध्ये बदलला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. हे ऐकलं की बायका लगेच विचारतात, 'मग आम्ही हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, लिहून दिला त्याचं काय?' त्या प्रश्नाचं उत्तर वकिलानेच द्यावं, आपण अंदाजाने बोलू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं, बायकांना बोलतं करा. 'कोणाला काही बोलायचं आहे का?' असं स्टेजवरून विचारलं की दरवर्षी बोलणाऱ्या त्याच दोघी उठतात, बाकीच्या पदर सावरून खाली बघतात. मी असं करते: सुरुवातीलाच माईक घेऊन बायकांमध्ये जाऊन बसते आणि चुकूच शकणार नाही असा प्रश्न विचारते. 'तुमच्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं?' एक सांगते साडेपाचला. मागून दुसरी म्हणते, 'कुठलं साडेपाच, आमच्याकडे दिवसाआड येतं, तेही दहा मिनिटं.' तिसरी तिला दुजोरा देते. पाच मिनिटांत दहा-बारा जणींनी माईकवर आवाज ऐकवलेला असतो, आणि आपला आवाज भोंग्यातून आला की बाई आधी दचकते, मग हसते, मग नीट बसून बोलते. त्यानंतर सात-आठ जणींचे गट करा, वस्त्या मिसळून. प्रत्येक गटाला तोच एक विषय द्या आणि सांगा की गटाच्या वतीने बोलणारी बाई आजवर कधीच माईकवर न बोललेली असावी. ओळख करून देताना स्वतःचं नाव आधी सांगायचं. अमक्याची मंडळी, तमक्याची आई हे नंतर. वयस्कर बायका नाव सांगताना लाजतात, शेजारणी हसतात, हसू द्या. पण नाव पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय माईक पुढे सरकवू नका.

सरपंच बाई असतील तर अध्यक्षस्थानी त्याच बसतील आणि त्याच बोलतील. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी स्टेजवरच्या खुर्चीत त्यांचे पती बसलेले दिसतात. याचा वाद कार्यक्रमाच्या दिवशी घालू नका. आधी सरपंचताईंच्या घरी जा, त्यांच्याबरोबर बसून चार वाक्यं तयार करा, दोनदा म्हणून घ्या. पतींना नवऱ्यांच्या शेवटच्या तासाचं निमंत्रण सन्मानाने द्या. मान मिळाला की बहुतेक जण मागे सरतात.

आता हळदीकुंकवाचा वाद. माझं मत सांगते, तुम्ही तुमच्या गावात तोलून घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कधी नावं ठेवत नाही. घराबाहेर पडायला मिळणारं ते बायकांचं हक्काचं निमित्त आहे, आणि अनेक बचत गटांची पहिली बोलणी त्याच वाणाच्या ताटाभोवती झाली आहेत. पण सगळ्या गावाच्या मेळाव्याचं नाव 'हळदीकुंकू' ठेवलं की विधवा बाई येत नाही, बौद्ध वस्तीतल्या अनेक जणी येत नाहीत, मुसलमान बायकांना आपल्याला बोलावलंय असं वाटत नाही. ज्यांना यायची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यासाठी दार नावानेच बंद होतं. म्हणून नाव 'महिला मेळावा' ठेवा आणि ताटातलं वाण, तिळगूळ, फूल, जे काही असेल ते प्रत्येकीला द्या, कोणाचं कपाळ न बघता.

काही जणी म्हणतील, विधवांना स्टेजवर बोलावून कुंकू लावू या. भावना चांगली आहे, पण घाई करू नका. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला परिपत्रकाने सांगितलं. तिथे गावाने स्वतःवर बंधन घेतलं, की कोणाचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्या ठरावाने बदलायचं गावाला सांगितलं, विधवेला नाही. स्टेजवर अचानक कुंकू लावलं की टाळ्या पडतात, फोटो निघतो आणि घरी गेल्यावर सासू-दीर काय बोलले ते तिने एकटीने ऐकायचं. आधी तिला एकटीला भेटून विचारा. तिला स्टेजवर बोलवायचंच असेल तर उत्तम शेती करणारी, गटाचं कर्ज वेळेत फेडणारी, पोरांना शिकवणारी म्हणून बोलवा. दीपप्रज्वलन तिच्या हातून करा. आणि हेरवाडसारखा ठराव तुमच्या महिला ग्रामसभेत मांडता येईल का, यावर ताईंशी बोला. तो स्वतंत्र वर्षाचा विषय आहे.

मुलींसाठी वेगळी वेळ काढा. आई, काकू, चुलत आजी समोर बसलेल्या असताना चौदा वर्षांची मुलगी काहीही बोलत नाही. दुपारी शाळेत, फक्त मुली आणि तुम्ही. तुमची रांगोळी स्पर्धा इथे कामाला येईल. शाळेच्या मैदानावर मुलींना गटाने गावाचा नकाशा रांगोळीने काढायला सांगा: शाळा, घरं, पाणवठा, बसथांबा, टपऱ्या, दवाखाना. मग रंग ठरवा. जिथे एकटीने जायला काही वाटत नाही तिथे पिवळा, जिथे भीती वाटते तिथे लाल. सुरुवातीला मुली एकमेकींकडे बघतात. मग एखादी चिमूटभर लाल रंग घेऊन बसथांब्यामागच्या बोळावर टाकते, आणि बघता बघता तिथे लाल रंगाचा ढीग होतो. कोण त्रास देतं, काय म्हणतं हे कोणी बोलायची गरज पडत नाही, जागा कळते. मी पाहिलंय की आईवडिलांना वर्षानुवर्षं न कळलेली गोष्ट त्या नकाशावर पंधरा मिनिटांत दिसते.

त्यातून निघणाऱ्या मागण्या फार साध्या असतात. अमुक खांबावर दिवा लावा, शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवा, पाचची एसटी शाळा सुटायच्या आधी निघून जाते ती वीस मिनिटं उशिरा सोडा. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, पण गाडीच वेळेवर नसेल तर पास वहीत राहतो आणि दहावीनंतर शाळा सुटते. आगार व्यवस्थापकांना अर्ज मुलींनीच लिहावा, मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह. संध्याकाळच्या मेळाव्यात दोन मुलींनी नकाशा मोठ्यांना समजावून सांगावा. मात्र आधी तुम्ही तो एकदा तपासा. एखादा लाल ढिगारा कोणाच्या घरावर पडला असेल तर ते सभेत उघड करायचं नाही, त्या मुलीशी वेगळं बोलायचं. गरज पडली तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर. आणि मुलींचे चेहरे, नकाशाचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

याच संदर्भात एक पूर्वतयारी विसरू नका. बायकांना मोकळं बोलायला जागा मिळाली की कार्यक्रम संपल्यावर, भांडी घासताना, एखादी बाजूला घेऊन सांगतेच की घरी मारहाण होते. कधी कधी अंगावरचे वळ दाखवते. त्या क्षणी आपल्याजवळ 'बघू या' याच्यापुढचं काही हवं. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीची मदत ११२ वर, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं मदत केंद्र, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी. आणि बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, त्यांचा नंबर काय, हे आधी फोन करून खात्री करून घ्या. तिला काय करायचंय ते तीच ठरवेल. रात्रीच नवऱ्याकडे जाऊन त्याला समजावण्याच्या भानगडीत ताईंनी पडू नये, त्याचा राग दार लावल्यावर तिच्यावर निघतो.

अंगणवाडी सेविका आणि आशाताईंवर सगळं ढकलू नका, एवढंही सांगून ठेवते. त्या आधीच रजिस्टरांखाली दबलेल्या असतात आणि ८ मार्चला त्यांनाही बाई म्हणून बसायचा हक्क आहे. लेकरं सांभाळायला गावातल्या कॉलेजच्या मुलांना लावा. खिचडी वाढायलाही तेच.

मेळाव्यानंतरचं काम कमी दिसतं, पण मोठं असतं. दुसऱ्या दिवशी ग्रामसंघाच्या बैठकीत एक वही उघडा: कोणाचा अर्ज, कधी दाखल, पोच आहे का, मासिक सभेत कधी आला, उतारा हातात कधी पडला. प्रत्येक अर्जामागे एका ताईचं नाव लिहा, म्हणजे विचारायला कोण जाणार हे ठरलेलं राहील. पंचायतीची मासिक सभा झाली की दोन ताईंनी जाऊन विचारायचं. ज्यांचे उतारे आले त्यांनी ते गटाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवायचे, आणि मूळ उतारा पत्र्याच्या पेटीत ठेवण्याआधी त्याची एक प्रत ग्रामसंघाच्या फाइलला लावायची. पहिल्या वर्षी मोजक्या घरांची नावं लागली तरी चालेल. जे नवरे या वर्षी नाही म्हणाले, त्यातले काही पुढच्या वर्षी शेजाऱ्याचा उतारा बघून आपणहून येतात.

सध्या एवढंच करा: या आठवड्यात ग्रामसंघाची बैठक लावा, काम कोणतं ते ठरवा आणि ग्रामसेवकांकडे नमुना ८ च्या माहितीसाठी अर्ज द्या. माहिती मिळाली की किती घरं कोणत्या गटात पडतात ते इथे लिहा. अर्जाचा आणि संमतीपत्राचा मसुदा मी देते, तुमच्या ग्रामसेवकांना दाखवून त्यांना हवा तो बदल करून घ्या.